मीठ मध्यापर्यंत पोहोचलं का?

आजचं वाचन: मार्क ९:३३-५०
सोबत वाचा: मत्तय ५:१३-२४, लेवीय २:१३



उपवासकाळ चालू आहे आणि आज मी तुमच्याशी चक्क मांसाबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, आज शुक्रवार नाही. आणि विषय शेवटी मांसाचा नाही, मिठाचा आहे.

मी राहते त्या जर्सी सिटीत मार्च उजाडला की दुकानांत कॉर्न्ड बीफची पाकिटं रचून ठेवलेली दिसतात. १७ मार्चला संत पॅट्रिक यांचा सण. आयरिश वंशाच्या घरांत त्या दिवशी कोबी-बटाट्यांबरोबर हे खारवलेलं मांस शिजतं. हा सण दरवर्षी उपवासकाळातच येतो. २०१७ आणि २०२३ साली तर तो शुक्रवारी आला. तेव्हा इथल्या अनेक बिशपांनी त्या दिवसापुरती मांस खायची मोकळीक दिली, आणि काहींनी त्याबदल्यात दुसरं काही प्रायश्चित्त करायला सांगितलं.

नावातल्या 'कॉर्न'चा मक्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे दाणा. खड्या मिठाचे दाणे लावून मुरवलेलं मांस ते कॉर्न्ड बीफ. त्यासाठी घेतात तो ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा. गुरांना आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड, कॉलरबोन, नसतं. पुढच्या अंगाचा भार छातीच्या स्नायूंवर पडतो. आयुष्यभर ओझं वाहिलेला हा भाग, त्यामुळे चिवट. म्हणून स्वस्त. आणि म्हणूनच गरिबांचा.

याचा इतिहास वाचला तेव्हा मी थोडी थांबले. सतराव्या-अठराव्या शतकात आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून खारवलेल्या गोमांसाची पिंपं जहाजांवर चढायची. मांस खारवणाऱ्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात मात्र ते क्वचितच पडायचं. त्याची गाय दुधासाठी आणि पोट बटाट्यावर. पुढे दुष्काळाने देशोधडीला लागून ही माणसं न्यूयॉर्कला आली, तेव्हा कुठे त्यांना परवडेल असं गोमांस मिळालं. तेही बरेचदा शेजारच्या ज्यू खाटकाकडून. मांसातलं रक्त ओढून घ्यायला ज्यू घरांत जे जाड मीठ वापरतात, त्यावरूनच 'कोशर सॉल्ट' हे नाव पडलं. एका परक्या गावात दोन परकी माणसं एकमेकांचं मीठ खाऊन शेजारी झाली.

आमच्या वसईच्या घरी आई ईस्टरला खारवलेली जीभ करायची. मीठ, सोरा आणि लिंबू चोळायची, वर जड दगड ठेवायची. रोज उलटायची, काट्याने टोचायची. आम्ही मुलं रोज विचारायचो, "आई, झाली का?" आणि आई म्हणायची, "मीठ लागू दे आधी."

हे मी विसरले होते.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा घरी कॉर्न्ड बीफ करायला घेतलं. दोन किलोचा ब्रिस्केट, चार लिटर पाणी, साडेतीनशे ग्रॅम कोशर मीठ, थोडी साखर, मोहरी, धणे, मिरी, लवंग, तमालपत्र. शिवाय क्युरिंग सॉल्ट. हे गुलाबी असतं, पण आपलं हिमालयातलं गुलाबी मीठ नव्हे. यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणूनच त्याला रंग देतात, कारण जास्त पडलं तर ते विष आहे. पाकिटावरच्या मापाने, वजनकाट्यावर तोलूनच घ्यायचं. मग सगळं उकळून, पूर्ण गार करून, त्यात मांस बुडवून फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या खाली.

पण पाहुणे रविवारी येणार होते आणि मला गुरुवारी आठवण झाली. तीन दिवसांतच काढलं, शिजवलं, कापलं. कडेला सुंदर गुलाबी पट्टा, आणि मधोमध राखाडी. मीठ लागलेल्या भागातलं नायट्राइट मांसाच्या रंगद्रव्याला धरतं, म्हणून शिजल्यावरही गुलाबी रंग टिकतो. जिथे ते पोहोचत नाही, तिथे ते साधं उकडलेलं मांस. खाल्लं तर आत अळणी. शेजारच्या आयरिश आजी ताटात बघून हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पाच दिवस तरी लागतातच. जाड असेल तर सात."

मित्रांनो, त्या तुकड्याकडे बघताना मला जे दिसलं ते सांगते. हे लिहायला मला सोपं जात नाहीये.

बाबा गेल्यानंतर वसईच्या घरावरून माझं आणि दादाचं वाजलं. मी इथे, तो तिथे. बाबांचं दीड वर्षाचं अंथरूण त्याने आणि वहिनीने काढलं. एका रात्री फोनवर वाद चढत गेला आणि मी म्हणाले, "तू बाबांची सेवा घरासाठी केलीस." तो काही बोलला नाही. फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

नाताळच्या आधी मी पापनिवेदन केलं. फादरांनी सांगितलेलं प्रायश्चित्तही केलं. मनाला सांगितलं, झालं, मिटलं. फॅमिली ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छाही टाकल्या, केकच्या इमोजीसकट. पण दादाचा फोटो आला की माझा अंगठा आपोआप पुढे सरकायचा. बाहेरून गुलाबी, आतून राखाडी. मिठाला मी तीनच दिवस दिले होते.

आता वचनाकडे येऊ या. मार्कच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू शिष्यांना सांगतो की स्वतःमध्ये मीठ असू द्या आणि एकमेकांशी शांतीने राहा. हे वाक्य आपण सुटं वाचतो, म्हणून त्याची धार कळत नाही. थोडं मागे जा, ३३ व्या ओवीपर्यंत. कफर्णहूमच्या घरात प्रभू विचारतो, वाटेत कशावरून वाद चालला होता? आणि शिष्य गप्प. कारण आपल्यात मोठा कोण, यावरून ते भांडत होते. तिथे सुरू झालेलं बोलणं ५० व्या ओवीत मीठ आणि शांतीपाशी येऊन थांबतं. म्हणजे हे मीठ भांडलेल्या भावंडांसाठी आहे. आपल्यासाठी आहे!

मीठ आणि शांतीचा काय संबंध? आपल्या मराठीला हा संबंध आधीपासून ठाऊक आहे. आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. बायबलच्या जगातही हेच होतं. एज्राच्या चौथ्या अध्यायात अधिकारी राजाला पत्र लिहितात, त्यात आपण राजवाड्याचं मीठ खातो असं सांगून ते आपली निष्ठा दाखवतात. लेवीयमध्ये देवाला वाहायच्या अन्नार्पणात मीठ चुकवायचं नाही, कारण ते कराराचं मीठ आहे. मीठ नासत नाही आणि नासू देत नाही, म्हणून ते टिकणाऱ्या नात्याची खूण. एका आईच्या हातचं मीठ खाल्लेली आम्ही दोघं. त्या मिठाला मी जागले का?

आणि मत्तयचा पाचवा अध्याय बघा. तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात हे १३ व्या ओवीत, ते आपण टी-शर्टवरसुद्धा छापतो. पण तिथून दहाच ओव्या पुढे प्रभू म्हणतो की अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. कुणाच्या मनात काय आहे ते नीट वाचा. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल' असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर. म्हणजे पाऊल मी उचलायचं. देवाकडून मिळालेली क्षमा खरीच होती, पण ज्याला लागलं होतं त्याच्यापर्यंत मी गेलेच नव्हते.

म्हणून या वर्षी मी ठरवलं. पूर्ण सात दिवस. रोज सकाळी मांस उलटायचं आणि तेवढ्या वेळात दादासाठी प्रार्थना करायची.

पहिल्या दिवशी प्रार्थना नव्हतीच, तक्रार होती. प्रभूला मी दादाच्या चुका मोजून दाखवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हात त्या गार पाण्यात असताना वहिनीचं एक वाक्य आठवलं. रात्री अलार्म लावून दादा दर दोन तासांनी उठायचा, बाबांची कूस बदलायला. दीड वर्ष. मी इथे दिवसातून एकदा एक तुकडा उलटायला कंटाळले होते. फ्रिजचं दार उघडंच राहिलं आणि मी रडले. चौथ्या दिवसापासून मी त्याच्याबद्दल बोलणं सोडून प्रभूशी स्वतःबद्दल बोलू लागले.

सातव्या दिवशी, गेल्या शनिवारी, मांस धुऊन स्वच्छ पाण्यात मंद आचेवर ठेवलं. इथेही घाई चालत नाही. खळखळून उकळलं तर दोरीसारखं होतं. मंद राहिलं तर तीनेक तासांत त्यातलं चिवट कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. सकाळचे नऊ वाजले होते, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. मी फोन लावला. दादाने उचलला नाही. वीस मिनिटांनी त्याचाच आला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"दादा, मी तेव्हा जे बोलले ते खोटं होतं. मला माफ कर."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "फार लागलं होतं मला ते." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "अजून लागतं." मी काही सारवासारव केली नाही. मग त्याने विचारलं, "आज काय शिजवतेस?" मी सांगितलं. तो हसला. "आईचा दगड अजून इथेच आहे. मोरीपाशी."

घराचा प्रश्न सुटलेला नाही. कागद अजून वकिलाकडेच आहेत. पण परवा तो ग्रुपवर नाही, मला एकटीला फोटो पाठवून गेला. त्या दगडाचा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, मिठाचंही माप असतं. 'मी खरं तेच बोलते' म्हणत जखमेवर मीठ चोळणं म्हणजे वचनातलं मीठ नव्हे. कलस्सैकरांस ४:६ मध्ये पौल आपलं बोलणं मिठाने रुचकर असावं म्हणतो, खारट नव्हे. आई जीभ खारवायची. माझी जीभ मात्र मी तशीच सोडली होती. दोन, जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे शांती म्हणजे गप्प बसून परत जाणं नव्हे. तिथे आधी सुरक्षित व्हा, विश्वासातल्या माणसाशी बोला. क्षमा देवापाशी सुरू होऊ शकते, ती दूर राहूनही.

आणि जे मांस खात नाहीत त्यांनी आजीच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आठवावी. तिथेही मीठ तेच काम करतं, आणि बरणी रोज हलवावीच लागते.

आज आपण काय करू या?

डोळे मिटून विचारा: कुणाचा फोटो आला की माझा अंगठा पुढे सरकतो? त्या एका माणसाचं नाव वहीत लिहा. पुढचे सात दिवस, रोजच्या एखाद्या कामाशी जोडून, त्याच्यासाठी प्रार्थना करा. दूध तापवताना, लोकलची वाट बघताना, कधीही. पहिले दोन दिवस नुसती तक्रारच निघाली तर निघू द्या. मीठ लागायला वेळ लागतो. सातव्या दिवशी एक वाक्य बोला. 'पण' नसलेलं.

प्रार्थना

प्रभू येशू, तू आमचे वाद वाटेतच ऐकलेस आणि तरी आम्हांला घरात बोलावून जवळ बसवलंस. आमच्या आतला राखाडी भाग तुला दिसतो. तुझ्या कृपेचं मीठ तिथपर्यंत पोहोचू दे, आणि ते पोहोचेपर्यंत थांबण्याचा धीर आम्हांला दे. ज्यांना आमच्या शब्दांनी लागलं आहे त्यांना बरं कर, आणि त्यांच्या दारापर्यंत जायला आमच्या पायांत बळ दे. आमेन.

प्रभूची शांती तुमच्या घरी असो. उद्या पुन्हा भेटू, नव्या वचनासोबत.