चालत पोचण्याइतका धर्म

घर बदलायचे ठरले की मुंबईतल्या मराठी कुटुंबात बोलणे ठरावीक वाटेने जाते. दादर-परळला जेवढ्या पैशात जेमतेम एक खोली आणि स्वयंपाकघर येते, तेवढ्यात बदलापूर किंवा विरारला दोन बेडरूमचा फ्लॅट, गॅलरी आणि गाडी लावायला जागा मिळते. मग चौरस फूट, कर्जाचा हप्ता, शाळा, पाण्याच्या वेळा. हे सगळे पाहिलेच पाहिजे. पण या हिशेबात एक प्रश्न येत नाही, आणि माझ्या मते पहिला मान त्याचाच आहे : तिथे राहायला गेल्यावर आपण कोणाच्या उपयोगी पडणार? शेजार बघून घर घ्यावे असे सगळेच म्हणतात, पण त्यात 'आपल्याला शेजार कसा लाभेल' एवढीच चिंता असते. खरे तर पत्ता ठरला की आपली कर्तव्ये कुठे आणि किती अंतरावर राहणार हेही ठरते. म्हणून घराची निवड ही धर्माची बाब आहे. इथे धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे, माणसाचे माणसाशी असलेले देणे.

अंतर आणि धर्म यांचे नाते किती घट्ट असते, हे ज्यू समाजाच्या इतिहासात स्वच्छ दिसते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत सब्बाथ पाळायचा, आणि त्या काळात अग्नी पेटवायचा नाही. म्हणून परंपरानिष्ठ ज्यू त्या दिवशी गाडी चालवत नाहीत. साहजिकच सिनेगॉग चालत गाठता येईल अशा ठिकाणीच ही कुटुंबे घर घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतले ज्यू मोठ्या संख्येने शहर सोडून उपनगरांत गेले, तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनियम समितीने १९५० मध्ये दूर राहणाऱ्यांना प्रार्थनेपुरती गाडी चालवायला मुभा दिली. ऑर्थोडॉक्स पंथाने ती नाकारली. मुभा देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, लोक प्रार्थनेला मुकू नयेत. तरी त्या पंथातल्याच काहींनी पुढे हा निर्णय चुकला असे म्हटले, आणि त्याचे कारण उघड आहे. गाडीने येता येते म्हटल्यावर जवळ राहण्याची गरज उरत नाही, आणि जवळ राहत नसल्यावर सब्बाथच्या दुपारी एकमेकांकडे जेवायला जाणे, आजाऱ्याच्या दारात डोकावणे हेही विरळ होते. आपल्याकडचे जैन साधू-साध्वी वाहन वापरत नाहीत. ती गोचरीला, म्हणजे भिक्षेला, येऊ शकतात ती उपाश्रयापासून, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या जागेपासून, चालत जाता येईल अशा घरांतच. इथेही वस्ती बांधून ठेवली आहे ती पायांनी.

हिंदू परंपरेने गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले. अध्ययन, देवपूजा, पितरांचे स्मरण, प्राणिमात्राला घास आणि अतिथीचे स्वागत. या पाचांना फार द्रव्य लागत नाही. लागतो तो घरात जागेपणी घालवलेला वेळ, आणि कोणी येऊ शकेल असे दार. आता बदलापूरचा हिशेब मांडून बघा. तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लोहमार्गाने सुमारे ६८ किलोमीटर. घर ते स्टेशन, लोकल आणि पुढे कचेरी धरून एका वेळचे दोन तास सहज जातात. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर प्रवासाचे १,००० तास होतात, म्हणजे एक्केचाळीसहून अधिक अखंड दिवस-रात्री. एवढा वेळ ज्या माणसाच्या हातून निघून जातो, त्याला मुलाचा अभ्यास घे, वरच्या मजल्यावरच्या आजींची विचारपूस कर, असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्याची वृत्ती चांगली असते, पण तिला उभे राहायला वेळच उरत नाही. गांधीजींनी १९१६ मध्ये मद्रासच्या भाषणात स्वदेशीचा अर्थ सांगताना निकटच्या परिसराची सेवा हाच तिचा गाभा मानला होता. स्वदेशी आपण कापडापुरती लक्षात ठेवली. पत्त्याला ती कधी लावलीच नाही.

यावर पहिला आक्षेप परिस्थितीचा आहे. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या झाल्या, आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांना वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीची वाट धरावी लागली. त्यांनी निवड केली नव्हती. जिथे निवड नाही तिथे दोषही नाही. शिवाय उपनगर म्हणजे शेजाराचा अंत असेही नाही. गिरगाव-दादरहून गेलेल्या माणसांनी डोंबिवलीत वाचनालये, नाट्यसंस्था, मंडळे उभी केली. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये तिथल्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि मग गावोगावी ती निघू लागली. ज्याची नोकरी कल्याण-ठाण्यातच आहे, त्याच्यासाठी डोंबिवली हेच शहर आणि दादर हेच उपनगर. म्हणून नकाशावरचे नाव बघण्यापेक्षा पायांचे आणि घड्याळाचे अंतर बघावे, असे माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो डावलून पुढे जाता येणार नाही. जवळीक जाचकही असते. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली ती याच जाणिवेतून. सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे जातही सगळ्यांना माहीत असते. शहरातल्या अनोळखीपणाने अनेकांना पहिल्यांदा मोकळा श्वास दिला. आजही आडनाव विचारून आणि ताटात काय असते ते विचारून घर नाकारले जाते. अहमदाबादमधल्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरते ठेवता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. कायद्यात ते बसत असेल, पण शेजारधर्मात ते बसत नाही. नातलग रक्ताने येतो, मित्र आपण निवडतो. या दोन्हींत न मोडणारा, तरी ज्याच्यासाठी रात्री दार उघडावे लागते तो शेजारी. तो आपल्यासारखाच हवा अशी अट घातली की शेजाराचे नुसते कुंपण होते. त्यामुळे जवळ राहणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. ज्याला आपण निवडले नाही अशा माणसाच्या जवळ राहणे हे पुरे आहे. 'समविचारी कुटुंबांसाठी' अशी जाहिरात करणारी वसाहत दादरच्या मधोमध असली तरी या कसोटीला उतरत नाही.

मुलांना मोकळी हवा आणि वेगळी खोली हवी, हे खरेच. पण जागेपणी भेटणारे आई-वडील आणि स्वतःच्या पायांनी गाठता येणारी चार घरे यांची त्यांना त्याहून अधिक गरज आहे. तेव्हा ज्यांच्या हातात निवड आहे त्यांना एवढेच सांगणे आहे : घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी आठला, कचेरीतून निघून तिथपर्यंत प्रवास करून जा, आणि जिन्यात कोण कोण भेटते ते बघा. मग एक खोली कमी पडली तरी चालेल.