चाळीस कडी, पाच जीव

सशाची महाधमनी आडवी कापली की बारीक कडी मिळतात. उबदार, ऑक्सिजन पुरवलेल्या क्षारद्रावणात ती टांगली की काही तास जिवंत राहतात. नॉरॲड्रिनलीन घातलं की कडं आवळतं. मग दुसरं औषध चढत्या मात्रेनं घालायचं आणि ताण किती टक्के उतरला ते नोंदवायचं. खरा कस लागतो तो नंतर. यातले कोणते आकडे एकत्र धरायचे आणि कोणते वेगळे?

ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगांत असिटिलकोलीननं सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या आवळत. पुढे त्याच औषधानं धमनी सैलावलेलीही दिसली. या दोन्हींची सरासरी काढली असती, तर औषध जवळजवळ निष्प्रभ ठरलं असतं आणि तो आकडा एकाही धमनीला लागू पडला नसता. फर्चगॉट यांनी फरकाचं कारण शोधलं. पट्टी तयार करताना धमनीचं आतलं नाजूक अस्तर घासून निघत होतं. अस्तर शाबूत असेल तरच असिटिलकोलीन धमनी सैल करतं, हे त्यांनी व जॉन झवाड्झ्की यांनी १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. अस्तरातून पाझरून धमनी सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. त्यावरील कामासाठी १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरीद मुराद यांना मिळालं.

वेगळ्याला एक समजण्याचा हा धोका. एकाला अनेक समजण्याचा धोका अधिक सर्रास आढळतो. पाच सशांची प्रत्येकी आठ कडी घ्यायची आणि नमुना चाळीसचा म्हणायचं! शितावरून भाताची परीक्षा होते. पण एकाच पातेल्यातली आठ शितं चाचपून आठ घरांचा भात कळत नाही. पाचाऐवजी चाळीस धरले की प्रमाण त्रुटी जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते आणि योगायोगही औषधाचा गुण वाटू लागतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिस्थितिकीतल्या प्रयोगांमधली हीच चूक १९८४ मध्ये दाखवून दिली होती. उपाय साधा आहे: प्रत्येक सशाच्या कड्यांची सरासरी घ्यावी आणि तुलना पाच आकड्यांची करावी.

प्रयोगात कमीत कमी प्राणी मारावेत, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच पाच जिवांकडून मिळालेला पुरावा चाळिसांचा म्हणून मांडणं मला अन्यायाचं वाटतं. त्या निष्कर्षावर विसंबून पुढे आणखी प्राणी मारले जातात, रुग्णांवर चाचण्या होतात. पुरावा अपुरा असेल तर तसं स्पष्ट लिहावं; संशोधकाचं ते पहिलं कर्तव्य आहे.