पाय घसरला तरी वाट संपत नाही



आजचा विषय सत्संगात सहसा कोणी काढत नाही. पण ज्याच्या मनात तो आहे, तो मागच्या रांगेत खाली मान घालून बसलेला असतो. हे त्याच्यासाठी, आणि तिच्यासाठीही.

काही वर्षांपूर्वी इंदूरला सत्संग आटोपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. सगळे पांगेपर्यंत चपला शोधत राहिले. मग म्हणाले, "दादा, रात्र रात्र मोबाईलवर नको ते पाहत बसतो. शपथा घेतल्या, उपवास केले. चार दिवस निभावतं, पुन्हा तेच. नोकरीवर गदा आलीय. घरी कळलं तर संसार मोडेल." मी त्यांना रोज दोन माळा वाढवायला सांगून मोकळा झालो. त्यांना नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. आता जप वाढवला आहे तर गोळ्या कशाला, असे म्हणून त्यांनी त्या आपल्या मनानेच बंद केल्या. झोप उडाली, जगणे नकोसे झाले आणि ती सवयही आणखी बळावली. धाकट्या भावाने वेळेवर डॉक्टरांकडे नेले म्हणून ते आज आपल्यात आहेत. मी आधी विचारायला हवे होते. ती चूक माझी.

म्हणून आधी एक गोष्ट समजून घेऊ. कामवासना असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, अनिवार लैंगिक वर्तनाची नोंद आहे. आवेग वारंवार आवरेनासा होणे, हे साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालणे, आणि त्यापायी काम, नाती, तब्येत यांचे मोठे नुकसान किंवा तीव्र त्रास होणे, ही त्याची लक्षणे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की त्रास केवळ 'हे पाप आहे' या भावनेतून होत असेल, तर तेवढ्यावरून हा आजार ठरत नाही. आपल्याकडे धातू जाण्याच्या धास्तीनेच कितीतरी तरुण खंगतात. डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये त्या धास्तीला 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. आपल्याला भीती छळते आहे की आवेग, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावे. स्वतःवर शिक्का मारू नये.

दुसरी गोष्ट. हा त्रास बहुधा एकटा येत नाही. नैराश्य, चिंता, दारू किंवा चंचल अवधानाचा आजार सोबत असतो. उदास मन क्षणभर सुटका शोधते, ती मिळाल्यावर अपराधीपणा येतो, त्याने उदासी वाढते आणि मन पुन्हा त्याच दाराशी जाते. द्विध्रुवी आजारात उन्मादाच्या काळात झोप कमी होते, पैसा उधळला जातो आणि कामवेगही उसळतो. तिथे आधी उन्मादावर उपचार हवा. कंपवाताच्या काही औषधांनीही असे आवेग वाढतात. तसे वाटले तर औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. आणि काही जणांना पूजेला बसल्यावर देवाविषयीच नको ते विचार येतात व त्यांचा जीव घाबरा होतो. तो मंत्रचळाचा आजार असू शकतो. त्या विचारांची तुम्हाला किळस येते, म्हणजेच ती तुमची इच्छा नव्हे.

भागवतात सौभरी ऋषींची कथा आहे. ते यमुनेच्या पाण्यात बुडून तप करीत होते. तिथे माशांचा संसार पाहून मन ढळले. मांधाता राजाच्या पन्नास कन्यांशी विवाह करून ते भोगात रमले, पण तृप्ती झाली नाही. पुढे जागे झाले, घडले ते स्वतःशी कबूल केले आणि पुन्हा साधनेला लागले. जगापासून लपल्याने मन लपत नाही, हे एक. आणि इतके घसरूनही त्यांना परतीची वाट बंद झाली नाही, हे दुसरे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही विचारतो की इच्छा नसताना माणूस पापाकडे का ओढला जातो. असे विचारल्याबद्दल भगवंत त्याला रागावत नाहीत. आपणही कोणाला रागावू नये.

आता करायचे काय?

मानसोपचारतज्ज्ञांना दोन्ही गोष्टी सांगा. एक लपवली तर दुसरीचा उपचार अर्धवट राहतो. समुपदेशनाने विचार आणि सवयी बदलता येतात, काहींना औषधेही लागतात. उपचारातील गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे. कुठे जावे कळत नसेल तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. जीव द्यावासा वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ता फोन करा आणि जवळच्या माणसाला सांगा.

एक विश्वासू माणूस निवडा. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा पायाच हा आहे की एक पीडित दुसऱ्याशी खरे बोलतो. त्याच बारा पायऱ्यांवर पुढे लैंगिक आवेगांसाठीही गट निघाले. त्या चळवळीचे एक संस्थापक बिल विल्सन दारू सुटल्यावरही अनेक वर्षे नैराश्याशी झुंजले आणि त्यांनी मानसोपचार घेतले. एक आजार हटला म्हणून दुसरा आपोआप जात नाही, आणि त्यात श्रद्धेचा पराभवही नसतो.

रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी सावध राहा.

साधना थोडी पण रोज करा. नैराश्यात अकरा माळा होत नसतील तर एकदा नाम घ्या. जप ही शिक्षा नाही. पाय घसरला तर त्या दिवशीची गोळी आणि त्या दिवशीचे नाम, दोन्ही चुकवू नका.

जोडीदाराला दुखावले असेल तर त्याचा राग सोसा, लगेच क्षमा मागून घेण्याची घाई करू नका. त्यालाही आधार लागतो. मात्र कोणावर बळजबरी झाली असेल किंवा लहान मुलाला धोका असेल, तर आधी त्याची सुरक्षितता आणि कायदा. तिथे आजाराची ढाल चालत नाही.

आणि केंद्रावरच्या कार्यकर्त्यांनो, कोणी मागे थांबले तर माळा सांगण्याआधी विचारा, "झोप लागते का? औषध चालू आहे का?"

ते गृहस्थ आता दर रविवारी सत्संगाला येतात. गोळ्या चालू आहेत, नाम चालू आहे. मध्ये दोनदा पाय घसरला, तेव्हा त्यांनी त्याच रात्री भावाला फोन केला. परवा मला म्हणाले, "दादा, आता चपला शोधत थांबावं लागत नाही."

मागच्या रांगेतल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हीही पुढे या. तुमची जागा राखून ठेवली आहे.