आखडत्या हाताचे दिवस

आषाढी एकादशी आली की घरातल्या मोठ्या बाया काहीतरी सोडायच्या. कुणी वांगं, कुणी कांदा-लसूण, कुणी गोडधोड. कार्तिकीपर्यंत नेम पाळायचा आणि मग रीतसर उद्यापन करायचं. त्यात धर्म होताच. पण जळगाव जामोदसारख्या वऱ्हाडातल्या शेतीच्या गावात चातुर्मासाचे पहिले तीन महिने म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी ओढाताण. बियाणं मातीत गेलेलं, कणगीतली ज्वारी तळाला लागलेली आणि नवं पीक अजून हिरवंच. खायला मुळातच कमी असताना आपण होऊन एक पदार्थ सोडायचा, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. परिस्थितीने हिसकावून घेण्याआधी माणूस स्वतः ठरवून सोडतो आणि त्याचा मान शाबूत राहतो. शिवाय कधी थांबायचं तेही पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

या दिवसांची तयारी वैशाखात व्हायची. गच्चीवर, अंगणात, जुन्या लुगड्यांवर मुगवड्या, कुरडया, पापड वाळत असायचे. पावसाळ्यात भाजी नसली की मूठभर मुगवड्या तेलावर परतून रस्सा व्हायचा, नाहीतर चून-भाकर होतीच. बाजारात पैसा न टाकता दोन-तीन महिने निघत. पण ही काटकसर घरात धान्य असलेल्यांची होती. ज्याच्याकडे कणगीच नव्हती, त्या मजुराला सोडायला काही नव्हतं.

खर्च कमी करण्याचा विचार आपल्या विदर्भातच एकदा अगदी टोकापर्यंत नेला गेला. विनोबांनी 1950 साली पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा वापर टाळायचा, लागेल ते स्वतः पिकवायचं, विहिरीचं पाणीही स्वतःच्या श्रमाने काढायचं. पुढच्या वर्षी विनोबा पायी निघाले आणि तेलंगणात भूदान सुरू झालं. आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग शक्य होता, कारण तिथे प्रत्येक जण स्वतःच्या निर्णयाने आलेला होता. घरात तसं नसतं. घरातल्या लहान मुलाने आणि सुनेने कसलीही प्रतिज्ञा घेतलेली नसते.

1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. धान्याची टंचाई होती, आणि लोकांनी ते मनापासून पाळलं. सात वर्षांनी, 1972 च्या दुष्काळात मात्र कुणाला आवाहन करावं लागलं नाही. रेशनवरची मिलो ज्वारी खाऊन आणि दुष्काळी कामांवर खडी फोडून महाराष्ट्राने ते वर्ष काढलं. उपाशी राहणं दोन्ही वेळी होतं, पण पहिल्या वेळी लोकांनी ते स्वतः पत्करलं होतं.

पुढे आमच्या भागातली ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन, कापूस वाढले. शेत भरलेलं असलं तरी घरात खायचं धान्य मोजकंच राहिलं. काटकसर ताटातून खिशात आली ती इथे. आता किराणा विकत, गॅस विकत, मोबाइलचं रिचार्ज आणि पेट्रोल विकत. वर बचत गटाचा हप्ता, मुलांची फी. यातलं बरंचसं कमी करताच येत नाही, म्हणून आखडायला जागा फार थोडी उरते. त्यात पैसा येतो तो कापसाच्या चुकाऱ्याच्या भरवशावर. नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी ऐन वेचणीत आली आणि 2020 च्या टाळेबंदीत कापूस घरातच पडून राहिला. लोकांनी हात आखडला, पण तो नाइलाजाने, आणि कुठवर ते कुणालाच माहीत नव्हतं. एक गोष्ट मात्र त्या उन्हाळ्यात दिसली. पन्नास माणसांतही लग्न लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं की हात आखडायचे दिवस आपण निवडावेत, आणि अक्षय तृतीया ते मृग एवढेच निवडावेत. आपल्या तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकायला दुरून शेतकरी येतात. त्याला शास्त्राचा आधार नाही, आणि त्यावर पेरणी ठरवू नये. पण त्या दिवशी आख्खा मुलूख येणाऱ्या हंगामाचा विचार करत असतो, तर घरातल्या हिशेबालाही तोच मुहूर्त बरा.

हिशेब साधा आहे. 2025 च्या खरिपात बीटी कापसाचं पाकीट 901 रुपयांना होतं आणि डीएपीची गोणी 1350 ला. तीन एकराला सहा पाकिटं आणि तीन गोण्या धरल्या तर 9456 रुपये होतात. नवे कपडे, हॉटेल, आहेर, गाडीची विनाकारण फेरी या गोष्टी तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवून यातला निम्मा पैसा जरी रोख हातात आला, तरी कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत आपलं पान तेवढं कमी भरतं. वाचलेला पैसा कशासाठी आहे हे मुलांनाही सांगावं. मुलं समजून घेतात.

पण गरजेचं काय, हे ठरवायला सगळं घर बसलं पाहिजे. खारपाणपट्ट्यातल्या गावात पाण्याचा जार विकत घेतलेला दिसला की पुण्या-मुंबईच्या माणसाला ती चैन वाटेल. पूर्णेच्या काठी विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि किडनीच्या आजाराची भीती घराघरात आहे. तो जार बंद करणं म्हणजे काटकसर नव्हे. पैशाचं पाकीट ज्याच्या हाती, त्याचा तंबाखू गरजेचा ठरतो आणि बाईची गोळी पुढच्या महिन्यावर जाते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. दूध कमी झालं की ते आधी तिच्या चहातून कमी होतं. डाळ पातळ झाली की शेवटी वाढून घेणारीच्या वाटीत नुसतं पाणी येतं. अशा बचतीतून बियाणं आलं तरी ती बचत मला मान्य नाही.

म्हणून यादी करताना पहिल्या ओळीत पाणी, मुलांचं दूध आणि घरातल्या प्रत्येकाचं औषध लिहा, आणि त्या ओळीला हात लावू नका. घरातल्या बाईला दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर हे दिवस पाळायच्या आधी तिचं रक्त तपासून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.