सही ज्याची त्याचीच



आजचा विषय जरा जड आहे, पण कुणाच्याही घरी येऊ शकेल असा आहे. घरातल्या माणसाला कॅन्सर झाला, उपचार झाले, बरं वाटलं आणि वर्षाच्या आत तो परत उलटला. डॉक्टर म्हणतात, "एक नवीन उपचार आहे, पण त्याची अजून ट्रायल चालू आहे. भाग घेणार का?" मग घरातले व्हरांड्यात जमतात. मोठा मुलगा, जावई, भाऊजी सगळे मिळून ठरवतात. आत कॉटवर असलेल्याला मात्र "औषध बदललंय" एवढंच सांगितलं जातं. आपण याला प्रेम म्हणतो. पण हे धर्माला धरून आहे का?

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. त्याचा एक प्रकार फार वेगाने वाढणारा असतो. पहिल्या केमोथेरपीने निम्म्याहून जास्त रुग्ण बरे होतात. ज्यांचा आजार उलटतो, त्यांच्यापुढे मात्र वाटा थोड्या राहतात. अशांसाठी अलीकडे कार-टी नावाचा उपचार आला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, कॅन्सरची पेशी ओळखता येईल असा बदल प्रयोगशाळेत त्यांच्यात करायचा, त्या वाढवायच्या आणि परत त्याच्याच शरीरात सोडायच्या.

अमेरिकेत याला २०१७ साली मंजुरी मिळाली, पण खर्च कोटींमध्ये. मग मुंबईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून आपल्या देशात हा उपचार तयार केला. जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटाच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला तो दिला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. नाव नेक्सकार१९.

पण या तारखांच्या मधे माणसं आहेत. पहिल्या टप्प्यात १४ आणि दुसऱ्या टप्प्यात ५० रुग्णांनी या ट्रायलमध्ये भाग घेतला. २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांचा परिणाम मोजता आला, त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांवर उपचार लागू पडला. लागू पडला म्हणजे कायमचा बरा झाला असं नव्हे. आणि दोन रुग्ण या उपचाराच्या दुष्परिणामांनीच गेले, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आज कुणी यातून बरा होऊन घरी जातो, तेव्हा त्याच्यामागे या चौसष्ट जणांचं देणं आहे.

आपल्याकडे लगेच म्हणतात, "म्हणजे माणसाला उंदीर केलं की!" मला वाटतं, उंदीर आणि माणूस यांत फरक एकच. उंदराला कुणी विचारत नाही. दधीची ऋषींची कथा आठवून बघा. वज्रासाठी त्यांच्या अस्थी हव्या होत्या. देव त्यांच्याकडे गेले, कशासाठी हव्यात ते सांगितलं आणि मागितल्या. ऋषींनी समजून उमजून दिल्या, म्हणून ते दान झालं. न सांगता घेतल्या असत्या, तर त्याला दान कोण म्हणालं असतं?

ट्रायलचा मूळ हेतू शिकणं हा असतो. पहिल्या टप्प्यात तर औषध सुरक्षित आहे का आणि किती द्यायचं, हेच मुख्यतः बघतात. रुग्णाला गुण येईलही, पण तसा शब्द कुणी देऊ शकत नाही. म्हणून तर आपल्या देशाचे २०१९ चे नियम सांगतात की माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी आणि सही त्याची घ्यावी. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. तो स्वतः संमती देण्याच्या अवस्थेत नसेल, तरच नातेवाइकाची सही चालते. आपण घरचे लोक नेमकं हेच उलटं करतो.

"खरं सांगितलं तर धसका घेतील ओ," असं म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण रुग्णाला कळत नाही असं थोडंच असतं? आपण खोलीत शिरलो की आपला चेहराच सगळं सांगतो. मग तो आपल्यासाठी आणि आपण त्याच्यासाठी नाटक करत बसतो. सगळं एका दमात सांगायला हवं असंही नाही. "तुम्हाला किती ऐकायचंय?" हे आधी विचारावं. "मला नको, तुम्हीच बघा," असं ते म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय. तरी सहीच्या कागदात काय आहे, एवढं त्यांना कळलंच पाहिजे.

दुसरी अडचण पैशाची. आपल्याकडचा हा उपचार परदेशापेक्षा स्वस्त, तरी खर्च ४० लाखांच्या घरात जातो. काकतीसारख्या गावातून बेळगाव आणि तिथून मुंबई गाठणाऱ्या घराला ट्रायल हा एकच दरवाजा उघडा दिसतो. अशा वेळी "होय" म्हणणं कितपत मनापासून असतं? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून "नको" म्हणायची वाट तरी घरच्यांनी मोकळी ठेवावी. "नको" म्हणणारा हरलेला नसतो, त्याची श्रद्धाही कमी नसते. वेदना कमी करणारे उपचार घेऊन आपल्या माणसांत राहणं, हाही एक मार्ग आहे.

अशी वेळ आलीच तर रुग्णाला जवळ बसवूनच डॉक्टरांना विचारा: ट्रायल कितव्या टप्प्यात आहे? सरकारी नोंदणी, म्हणजे सीटीआरआयचा नंबर, काय? त्रास झाला तर उपचार कोण करणार? मधेच सोडता येईल का? (नियमाने येतं.) माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या, दोन दिवस घरात वाचा.

आणि गुरुबंधूंनो, अशा घरी भेटायला गेलात तर सल्ला कमी द्या. रुग्णाचा हात हातात घेऊन "तुमच्या मनात काय आहे?" एवढं विचारा. ही सेवा कुणालाही जमण्यासारखी आहे.

— एक सेवेकरी भगिनी, काकती 🙏