रमाबाईंनी ऐकलं की नाही?

पिंपरी पेंढारच्या एका व्याख्यानात वक्त्यांनी तुकोबांचे गुरू, ओतूरचे बाबाजी चैतन्य यांचा दाखला दिला. तुकोबांनी गुरूचं ऐकलं, पंडिता रमाबाईंनी मात्र ख्रिस्ती होऊनही कोणाचंच ऐकलं नाही. कानउघाडणी सोसत नाही तो ख्रिस्ती कसला, असा वक्त्यांचा सवाल. टाळ्या पडल्या.

तुकोबांचं आधी. परंपरेनुसार बाबाजींनी स्वप्नात मंत्र दिला. कान पिळले ते वाघोलीच्या रामेश्वरभटांनी. तुकोबांनी वह्या इंद्रायणीत बुडवल्या खऱ्या, पण शेवटी शरण आले रामेश्वरभटच. दाखला वक्त्यांच्याच अंगावर येतो. असो, माझं भांडण रमाबाईंवरून आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हापासून तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांना सुधारू लागल्या. पुडिंगातलं अंडं रमाबाईंना चालेना. हा म्हणे अहंकार. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नको, असं विचारलं, हाही अहंकार. त्रैक्याबद्दल शंका काढली, तर तोच शेरा. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनीही मत दिलं. १८८५ साली रमाबाईंनी कळवलं, की पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. आणि हे ज्या बाईंना सुनावलं, त्यांना रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. तोडायचं असतं तर हे संबोधन कशाला राहिलं असतं? ज्यानं चूक दाखवायची त्यानंच निकालही द्यायचा, या व्यवस्थेला मी उपदेश म्हणत नाही. ती हुकमत झाली.

इथं थांबलो असतो तर माझंही काम सोपं होतं. पण १८९३ आडवं येतं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघालेलं रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथं धर्माबाबत तटस्थता राहील असा शब्द होता. रमाबाई प्रार्थनेला बसत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. ‘केसरी’नं झोडपलं ते एकवेळ बाजूला ठेवू, पण १८९३ साली सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. ते शत्रू नव्हते. अनाथ विधवा मुलीसाठी तिला आसरा देणाऱ्या बाईंचं उघडं दार हे निमंत्रणच ठरतं, हा आक्षेप मला आज खोटा वाटत नाही. रमाबाईंनी दार लावलं नाही. आपल्याच घरात, आपल्याच मुलीबरोबर प्रार्थना करायला दार कशाला लावू, हे त्यांचं म्हणणं; तेही मला खोडता येत नाही.

मग पुढे काय झालं? केडगाव. तिथं १८९६-९७च्या दुष्काळातल्या मुली आणून जे ‘मुक्ती’ उभं राहिलं, ते उघडउघड ख्रिस्ती होतं. तटस्थतेचा शब्द तिथं नव्हता, म्हणून तो मोडण्याचा प्रश्नही नव्हता. टीकाकारांना हवं होतं ते रमाबाईंनी केलं नाही. टीकाकारांनी दाखवलेली विसंगती मात्र मिटली. रमाबाईंनी हे त्यांच्या बोलण्यावरून केलं असं मी म्हणणार नाही, देणगीदार आणि दुष्काळ यांचाही त्यात हात होता. पण रानड्यांना याहून प्रामाणिक उत्तर कोणतं मिळालं असतं?

वक्त्यांनी जेराल्डीनबाईंचं पुढचं सांगितलं नाही. नकारांनी भरलेली ती पत्रं त्यांनीच जपली, संकलित केली. १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली. सरकारी प्रकाशन आहे, वक्त्यांना परवडेल.