शेवटच्या ओळीनंतरचे नऊ दिवस

व्हायोलिन आपल्या परिचयाचे आहे. चर्चच्या गायनवृंदासोबत आपण ते ऐकत आलो आहोत. त्याला किंचित जड आवाजाच्या व्हिओलाची आणि खर्जातल्या चेलोची जोड मिळाली की पाश्चात्त्य संगीतातील तंतुवाद्यांची त्रयी पूर्ण होते. या तीन वाद्यांसाठी गिडिऑन क्लाइन या चेक ज्यू तरुणाने ७ ऑक्टोबर १९४४ रोजी एक रचना लिहून पूर्ण केली. वय २४, मुक्काम तेरेझीनची नाझी बंदिछावणी. १६ ऑक्टोबरला त्याला आउश्वित्झकडे नेण्यात आले. पुढल्या जानेवारीत, फ्युर्स्टनग्रुबे येथील कोळसाखाणीच्या छावणीत, त्याचा अंत झाला.

रचना बारा-तेरा मिनिटांची. पहिला आणि शेवटचा भाग चपळ, काहीसे खट्याळच; मधला संथ भाग मात्र त्या दोहोंच्या बेरजेहूनही दीर्घ. क्लाइनची जन्मभूमी मोराविया. तेथील क्नेझदुब गावच्या मनोऱ्याविषयीचे एक लोकगीत घेऊन त्याने त्याची नाना रूपे येथे मांडली आहेत.

आता प्रश्न असा की, २८ सप्टेंबरपासून महिनाभरात सुमारे १८ हजार माणसे त्याच छावणीतून आउश्वित्झला पाठविली जात असता, स्वरांची जुळणी करीत बसणे नीतीला धरून होते काय? शेजारची फळी रात्रीतून रिकामी होत असता? क्लाइन पाठ फिरविणारा नव्हता. छावणीतील अनाथ मुलांना तो शिकवीत असे. तरीही प्रश्न उरतोच, आणि त्याला दुसरी, अधिक बोचरी बाजू आहे. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे प्रतिनिधी तेरेझीनला आले, तेव्हा मुलांची संगीतिका त्यांच्यापुढे सादर करण्यात आली आणि अहवाल अनुकूल लिहिला गेला. बंदिवानांचेच गाणे जेलरांचा पडदा झाले! असत्याचे पाप असत्य रचणाऱ्याचे, असे आम्ही मानतो; पण गाणाऱ्यांच्या मनाला ते किती टोचले असेल, याचा हिशेब त्या वाक्याने मिटत नाही.

कॅथोलिक संगीतकार मेसियाँ यांची बंदिवासात पूर्ण झालेली चतुष्क-रचना जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्याच छावणीत, युद्धकैद्यांसमोर वाजविली गेली. क्लाइनपाशी नऊच दिवस होते. पुढे कोणी वाजवील, याची कसलीही हमी नसताना त्याने प्रत्येक स्वर नेटका लिहिला. दुःखितांची सेवा आणि हे काम यांत त्याने वैर मानले नाही, आणि आम्हांसही ते दिसत नाही.

अशा प्रसंगी ‘अखेर कलेचाच विजय झाला’ असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ते आम्हांस पटत नाही. पंचविशीत गेलेल्या माणसाने जे लिहिले असते, ते कोणत्याही विजयाने परत येत नाही. एका परिचित स्त्रीने त्याची हस्तलिखिते जपली आणि छळछावणीतून जिवंत परतलेल्या एलिश्का या बहिणीच्या हाती ती सोपविली, म्हणून ही त्रयी आज ऐकावयास मिळते. ती ऐकताना एक गोष्ट जाणवते: शेवटचा भाग लोकनृत्याच्या लयीत धावत सुटतो, आणि त्यात निरोपाचा सूर शोधू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.